एका तासाची चूक

पाठपरिचय : खेळाच्या सामन्याला किती वेळ उरला आहे, हे दाखवणारे एक घड्याळ लेखकाने आपल्या विद्यार्थ्यांच्या मदतीने तयार केले. ते घड्याळ कोठे चुकले, का चुकले आणि मग ते कसे सुधारले, याची हकीकत या पाठात आली आहे. निरनिराळ्या देशांतील वेळांचा मेळ कसा घालावा, हेही या पाठातून समजते.



"सर, सामना कधी सुरू होणार?" "सर, अजून किती वेळ आहे?" असे प्रश्न प्रत्येक शाळेत ऐकू येतात. आमच्याही शाळेत येत. म्हणून आम्ही एक घड्याळ तयार करायचे ठरवले. हे घड्याळ किती वाजले ते सांगणार नव्हते. किती वेळ उरला ते सांगणार होते. अशा घड्याळाला उलटमोजणीचे घड्याळ म्हणतात. त्यातले आकडे दर सेकंदाला कमी होत जातात. आकडे शून्यावर आले की खेळ सुरू होतो. निदान तसे व्हायला हवे!

ही गोष्ट २०२४ सालच्या पावसाळ्यातली आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात शेणवा हे आमचे गाव. भाताची लावणी होत आली होती. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती आणि तिकडे दूर फ्रान्समध्ये पॅरिस ऑलिंपिक रंगात आले होते. ३१ जुलै रोजी बातमी आली, की कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी गावचे नेमबाज स्वप्नील कुसाळे अंतिम फेरीत पोहोचले आहेत. मुलांना फार आनंद झाला. त्यात त्यांना आणखी एक गोष्ट समजली. कुसाळे हे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. आपण आसनगावहून मुंबईला ज्या रेल्वेने जातो, तीच ही मध्य रेल्वे. मग काय, हा खेळाडू जणू आपल्याच ओळखीचा आहे, असे सर्वांना वाटू लागले.

अंतिम फेरी दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ ऑगस्ट रोजी, तिथल्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेनऊ वाजता होती. आता आपल्याकडे तेव्हा किती वाजतील, एवढाच प्रश्न होता. माझ्याजवळ बी.एड.च्या वेळची एक वही आहे. तिच्यात मी लिहून ठेवले होते : 'पॅरिस भारताच्या साडेचार तास मागे.' मी लगेच बेरीज केली. साडेनऊ अधिक साडेचार म्हणजे दुपारचे दोन. शाळेच्या संगणकावरील घड्याळात आम्ही दोन ही वेळ भरली. मुख्याध्यापकांनी दोन वाजल्यानंतर एक तास सामना पाहण्याची परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी मुले सकाळपासून घड्याळाकडे पाहत होती. आठवीचा वर्ग तर प्रत्येक तासाला एक मुलगा पाठवून किती वेळ उरला ते विचारून घेत होता. एक ते दोन या वेळात मी वर्गात विभक्तीचे प्रत्यय शिकवत होतो. बरोबर दोन वाजता आकडे शून्यावर आले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मोबाइल टेबलावर पुस्तकांना टेकवून उभा केला. पावसामुळे जोडणी मिळायला काही मिनिटे लागली. चित्र दिसू लागले, तेव्हा सामना संपलेला होता. स्वप्नील कुसाळे यांनी ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलेही होते!

मुले आधी आनंदाने ओरडली. मग एकदम शांत झाली. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि शेवटी उभे राहून त्यांनी जे नेम साधले, त्यांतला एकही आम्हांला पाहता आला नव्हता. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारे महाराष्ट्राचे पहिले खेळाडू म्हणजे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव. त्यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले होते. त्यानंतर असा क्षण यायला महाराष्ट्राला ७२ वर्षे वाट पाहावी लागली. तो क्षण आला, आणि आम्ही प्रत्यय घोकत बसलो होतो.

तेवढ्यात आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, घड्याळ तर बरोबर चाललं होतं. एक सेकंदसुद्धा पुढं-मागं झालं नाही. मग चुकलं कोण?"

मी म्हणालो, "मी चुकलो."

पण मित्रांनो, 'मी चुकलो' एवढे म्हणून काम संपत नाही. चूक नेमकी कोठे झाली, ते शोधावे लागते. चला, आपण ती शोधू या.

प्रत्येक गावाची दुपार वेगळी

रमजानच्या महिन्यात सहरी आणि इफ्तारचे वेळापत्रक तुमच्या घरात किंवा मशिदीच्या भिंतीवर लावलेले असते. त्याच्या तळाशी बहुधा एक सूचना असते. अमक्या गावासाठी इतकी मिनिटे कमी करा, तमक्या गावासाठी इतकी मिनिटे मिळवा. असे का बरे?

पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणून पूर्वेकडच्या गावात सूर्य आधी उगवतो व आधी मावळतो. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश फिरते. एक अंश फिरायला तिला ४ मिनिटे लागतात. शहापूरचा भाग मुंबईच्या पूर्वेला सुमारे अर्धा अंश आहे. म्हणून इकडे दुपार मुंबईपेक्षा सुमारे दोन मिनिटे आधी होते. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून थोडे अधिक दूर आहे. म्हणून तिथे ती सुमारे २५ मिनिटे आधी होते.

पूर्वी प्रत्येक गाव आपल्या सूर्यावर चालत असे. त्याने कोणाचे अडत नसे. परंतु आगगाडी आली आणि अडू लागले. गाडी दहा वाजता सुटणार, पण कोणत्या गावाच्या दहा वाजता? म्हणून मोठ्या प्रदेशासाठी एकच वेळ ठरवण्याची गरज पडली. १८८४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे अनेक देशांची परिषद भरली. इंग्लंडमधील ग्रिनिच येथून जाणारी रेषा शून्य अंशाची मानावी, असे तिथे ठरले.

आपल्या देशात १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे. ८२.५ ला १५ ने भागले तर साडेपाच येतात. म्हणून आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे.

मुंबईची जुनी वेळ मात्र ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, म्हणजे नव्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे. नवी वेळ अनेक मुंबईकरांना आवडली नाही. गिरणी कामगारांनी तिला विरोध केला. घड्याळ ३९ मिनिटे पुढे गेले, तर कामावरही तितकेच लवकर हजर व्हावे लागणार होते! मुंबई महानगरपालिकेची घड्याळे तर पुढेही कित्येक वर्षे जुन्याच वेळेवर चालत होती. त्या काळी मुंबईत अशा दोन वेळा नांदत होत्या. 'पाच वाजता या' असे कोणी म्हटले, तर 'कोणते पाच?' असे विचारणे शहाणपणाचे होते.

मित्रांनो, हा 'कोणते पाच?' प्रश्न आपण लक्षात ठेवू. उलटमोजणीच्या घड्याळाची सारी विद्या या दोन शब्दांत आहे.

वहीतला आकडा

आता माझ्या वहीकडे वळू. पॅरिस साडेचार तास मागे, हे मी लिहिले होते. ते खोटे होते काय? नाही. ते हिवाळ्यात खरे होते.

युरोपातील पुष्कळ देशांत उन्हाळ्यात दिवस फार मोठा असतो. त्या उजेडाचा उपयोग व्हावा म्हणून तिथे मार्च महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती पुन्हा एक तास मागे आणतात. याला उन्हाळी वेळ म्हणतात. हिवाळ्यात पॅरिस ग्रिनिचच्या एक तास पुढे असते, तर उन्हाळ्यात दोन तास पुढे असते. आपण वर्षभर साडेपाच तासच पुढे असतो. म्हणून आपल्यातला आणि पॅरिसमधला फरक हिवाळ्यात साडेचार तास, तर उन्हाळ्यात साडेतीन तास होतो.

ऑगस्ट हा तिथला उन्हाळा. साडेनऊ अधिक साडेतीन म्हणजे दुपारचा एक. सामना एक वाजता सुरू झाला होता. मी हिवाळ्याचा आकडा उन्हाळ्याला लावला आणि एक तास गमावला.

आपल्याकडे असे होत नाही म्हणून आपण निश्चिंत असतो. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतातील घड्याळेही एक तास पुढे ठेवली होती. तेव्हा कोणत्याही देशाची वेळ म्हणजे नुसता एक आकडा नसतो; तो एक नियम असतो. तो नियम तारखेप्रमाणे बदलू शकतो.

आणखी एक गोष्ट. दोन देशांच्या वेळांत नेहमी पूर्ण तासांचाच फरक असेल, असे समजू नका. आपलेच पाहा, साडेपाच तास आहेत. शेजारचा नेपाळ आपल्या १५ मिनिटे पुढे आहे.

घड्याळ पुन्हा बांधले

दुसऱ्याच दिवशी मी फळ्यावर माझी चुकीची बेरीज लिहिली आणि तिच्यावर फुली मारली. मग आम्ही सर्वांनी मिळून घड्याळ पुन्हा बांधले. त्याची कृती अशी :

पहिली पायरी : सामन्याची वेळ लिहिताना तीन गोष्टी लिहायच्या. तारीख, तिथली वेळ आणि गाव. आम्ही लिहिले : '१ ऑगस्ट २०२४, सकाळी ९.३०, पॅरिस.' यातील एकही गोष्ट सोडली तर वेळ अपुरी राहते.

दुसरी पायरी : ही वेळ जागतिक वेळेत बदलायची. जागतिक वेळ म्हणजे सर्व जगासाठी एकच असलेली वेळ. तिच्यात उन्हाळा-हिवाळा नसतो. हिवाळ्यात ग्रिनिचचे घड्याळ आणि ही वेळ सारखीच असते. हे काम मनातल्या आकड्याने करायचे नाही. संगणकात जगातील ठिकाणांच्या वेळांची एक यादी असते. खंड आणि शहर अशी तिच्यात नावे असतात. आपल्यासाठी 'आशिया/कोलकाता' आणि फ्रान्ससाठी 'युरोप/पॅरिस' अशी नावे आहेत. कोणत्या तारखेला तिथे कोणता नियम होता किंवा असेल, हे त्या यादीत नोंदलेले असते. सरकारे नियम बदलतात, तशी ही यादीही सुधारली जाते. म्हणून संगणकातील यादी ताजी ठेवावी लागते. यादीला विचारल्यावर उत्तर आले : पॅरिस त्या दिवशी दोन तास पुढे. साडेनऊ वजा दोन म्हणजे जागतिक वेळ सकाळी ७.३०. घड्याळाच्या पोटात हीच वेळ साठवायची.

तिसरी पायरी : आत्ताची वेळही जागतिक वेळेतच घ्यायची आणि वजाबाकी करायची. समजा, आपल्याकडे १ ऑगस्टला सकाळचे ९ वाजून ४५ मिनिटे ३० सेकंद झाले आहेत. त्यातून साडेपाच तास वजा केले, तर जागतिक वेळ ४ वाजून १५ मिनिटे ३० सेकंद. सामना ७.३० ला. म्हणजे ११,६७० सेकंद उरले. त्याला ३,६०० ने भागले तर ३ तास मिळतात आणि ८७० सेकंद उरतात. त्याला ६० ने भागले तर १४ मिनिटे मिळतात आणि ३० सेकंद उरतात. घड्याळावर दिसेल : ३ तास १४ मिनिटे ३० सेकंद. शेणव्यात पाहा, दुबईत पाहा किंवा पॅरिसमध्ये पाहा, त्या क्षणी सर्वांना हाच आकडा दिसला पाहिजे. तो वेगळा दिसला, तर घड्याळ चुकले असे समजावे.

चौथी पायरी : माणसाला दाखवताना मात्र त्याच्या गावाची वेळ दाखवायची. ७.३० अधिक साडेपाच तास म्हणजे दुपारी १.००. वेळेबरोबर तारीख आणि वारही लिहायचा. कारण देश दूरचा असला की तारीखच बदलते.

पाचवी पायरी : आकडे शून्यावर आले की थांबायचे आणि 'खेळ सुरू झाला' असे लिहायचे. नाहीतर घड्याळ शून्याच्याही खाली मोजत राहते. आयोजकांनी सामन्याची वेळ बदलली, तर साठवलेली वेळ बदलण्याची सोयही ठेवायची.

आणखी दोन खोड्या

घड्याळ तयार झाले. पण त्याची परीक्षा घेताना दोन खोड्या सापडल्या.

पहिली खोडी विजेने दाखवून दिली. आमच्या भागात पावसाळ्यात वीज जाते, हे तुम्हांला सांगायला नको. एके दिवशी वीस मिनिटे वीज नव्हती. वीज आल्यावर घड्याळ जिथे थांबले होते, तिथूनच पुढे मोजू लागले. म्हणजे ते वीस मिनिटे मागे पडले! कारण आमचे घड्याळ दर सेकंदाला जुन्या आकड्यातून एक वजा करत होते. मध्ये ते झोपले, तर त्या वेळेचा हिशेब त्याच्याजवळ नव्हता. मग आम्ही रीत बदलली. दर सेकंदाला जुन्या आकड्यातून एक वजा करायचा नाही. दर सेकंदाला 'आत्ता किती वाजले?' हे नव्याने विचारायचे आणि सामन्याच्या वेळेतून ती वेळ पुन्हा वजा करायची. आता वीज कितीही वेळ जावो, परत आल्यावर घड्याळ बरोबर आकडा दाखवते.

दुसरी खोडी संगणकाच्या स्वतःच्या घड्याळात होती. संगणकाच्या आत बटणाएवढी एक छोटी बॅटरी असते. वीज नसतानाही ती आतले घड्याळ चालू ठेवते. ती बॅटरी संपली, की संगणक बंद करून सुरू केल्यावर एखादी जुनीच तारीख दिसू लागते. आमची बॅटरी संपली होती. आम्ही नवी बॅटरी बसवली. नंतर संगणकात देशाची वेळ भारताची निवडली आहे ना, हेही पाहिले. ते आधी पाहावे लागते. दुसऱ्याच देशाची वेळ निवडलेली असेल आणि आपण नुसते आकडे सरकवून इथली वेळ लावली, तर वरून सारे ठीक दिसते. पण आतली जागतिक वेळ चुकलेली असते. शेवटी मोबाइलवर आपोआप येणाऱ्या वेळेशी आम्ही संगणकाची वेळ ताडून पाहिली.

पुन्हा परीक्षा

ऑलिंपिकनंतर पॅरिसमध्येच दिव्यांग खेळाडूंची पॅरालिंपिक स्पर्धा झाली. ४ सप्टेंबर २०२४ रोजी सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी गोळाफेकीत उतरणार होते. या वेळी मी एकट्याने बेरीज केली नाही. तीन मुलांनी तीन कागदांवर हिशेब केला. तिघांचे उत्तर एकच आले. मगच वेळ घड्याळात भरली.

दुपारी घड्याळ शून्यावर आले आणि त्याच वेळी मैदानावर खेळाडू येताना दिसले. वर्गात कोणी बोलत नव्हते. खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळा फेकला आणि रौप्यपदक जिंकले. तो फेकलेला गोळा आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिला. महिन्यापूर्वी 'चुकलं कोण?' असे विचारणारी मुलगी सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होती.

मित्रांनो, पुढचे ऑलिंपिक अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे १४ जुलै २०२८ पासून व्हायचे आहे. त्यात क्रिकेटही असणार आहे. क्रिकेटला घेण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या बैठकीत झाला. जुलैमध्ये लॉस एंजेलिस जागतिक वेळेच्या सात तास मागे असते. म्हणजे आपल्या साडेबारा तास मागे. समजा, तिथे शुक्रवारी १४ जुलैला रात्री आठ वाजता एखादा कार्यक्रम आहे. आपल्याकडे तेव्हा शनिवार १५ जुलैची सकाळ उजाडलेली असेल आणि साडेआठ वाजलेले असतील. '१४ तारखेला रात्री' एवढेच वाचून जो टीव्हीपुढे बसेल, तो अर्धा दिवस आधीच बसेल!

हे ज्ञान केवळ खेळासाठी नाही. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, चाचा किंवा मामू सौदी अरेबियात, दुबईत नोकरीला असतील. सौदी अरेबिया आपल्या अडीच तास मागे आहे आणि दुबई दीड तास मागे आहे. 'रात्री आठला फोन करतो' असे ते म्हणाले, तर विचारा, "कोणते आठ? तुमचे की आमचे?" उद्या तुम्ही परदेशातील एखाद्या परीक्षेचा अर्ज भराल. शेवटची तारीख आणि वेळ कोणत्या देशाची आहे, हे पाहिले नाही, तर वर्ष वाया जाऊ शकते.

क्षण सर्व जगासाठी एकच असतो. गोळी सुटते तेव्हा ती पॅरिसमध्ये आणि शेणव्यात एकाच वेळी सुटते. वेगळी असतात ती त्या क्षणाला आपण दिलेली नावे. कोणी त्याला साडेनऊ म्हणतो, कोणी एक म्हणतो. नावांच्या घोळात क्षण हरवू नये, म्हणूनच हा सारा हिशेब.

माझी ती वही अजून माझ्याजवळ आहे. 'पॅरिस साडेचार तास मागे' ही ओळ मी खोडली नाही. तिच्यापुढे फक्त दोन शब्द लिहिले आहेत : 'केवळ हिवाळ्यात.'

शब्दार्थ

उलटमोजणी – उलटी गिनती
क्षण – लम्हा
नेमबाज – निशानाबाज
पदक – तमगा
कांस्य – कांसा
रौप्य – चांदीचे
वैयक्तिक – इन्फिरादी, जाती
प्रमाणवेळ – संपूर्ण देशासाठी ठरवलेली एकच वेळ
रेखांश – तूल बलद
निश्चिंत – बेफिक्र
खोडी – (येथे अर्थ) दोष, खराबी
ताडून पाहणे – मुकाबला करके जांचना
घोळ – गडबड

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) उलटमोजणीचे घड्याळ काय सांगते?
(२) स्वप्नील कुसाळे कोणत्या गावचे आहेत?
(३) पृथ्वीला एक अंश फिरायला किती वेळ लागतो?
(४) भारतीय प्रमाणवेळ केव्हापासून सुरू झाली?
(५) शेवटी लेखकाने वहीत कोणते दोन शब्द लिहिले?

प्रश्न २. कारणे लिहा.
(१) मुलांना अंतिम सामना पाहता आला नाही.
(२) गिरणी कामगारांनी नव्या वेळेला विरोध केला.
(३) वीज आल्यावर घड्याळ वीस मिनिटे मागे पडले.

प्रश्न ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) लेखकाच्या वहीतला आकडा खोटा नव्हता, तरी बेरीज का चुकली?
(२) सामन्याची वेळ लिहिताना कोणत्या तीन गोष्टी लिहाव्यात? त्या का लिहाव्यात?

प्रश्न ४. कोण, कोणास म्हणाले?
(१) "मग चुकलं कोण?"
(२) "मी चुकलो."

प्रश्न ५. हिशेब करा.
(१) पॅरिसमध्ये १० जानेवारीला सकाळी ९.३० वाजता सामना आहे. भारतात तो किती वाजता दिसेल?
(२) दुबईत रात्रीचे आठ वाजले आहेत. शेणव्यात किती वाजले असतील?
(३) सामन्याला ७,३८५ सेकंद उरले आहेत. त्याचे तास, मिनिटे व सेकंद करा.

प्रश्न ६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
रंगात येणे, वाट पाहणे, वाया जाणे, मेळ घालणे.

प्रश्न ७. कंसातील सूचनेप्रमाणे वाक्ये बदला.
(१) मुले आनंदाने ओरडली. (भविष्यकाळ करा.)
(२) घड्याळ बरोबर चालले. (नकारार्थी करा.)
(३) हा खेळाडू आपल्या ओळखीचा आहे. (प्रश्नार्थक करा.)

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील कोणी परदेशात राहत असेल, तर त्या गावाची वेळ विचारा. तिथली आणि आपली वेळ दाखवणारी दोन घड्याळे पुठ्ठ्यावर काढून वर्गात लावा. त्या देशात उन्हाळी वेळ पाळतात की नाही, हेही त्याखाली लिहा.